हा शॉट इथेच का? चित्रपटाची भाषा वर्गात शिकवताना

चित्रपट शिकवायला पहिल्यांदा उभे राहणारे बरेच शिक्षक सुरुवातीलाच फळ्यावर एक यादी लिहितात. क्लोजअप (अगदी जवळून) म्हणजे भावना, लाँग शॉट (लांबून) म्हणजे एकटेपणा, लो अँगल (कॅमेरा खालून) म्हणजे सत्ता, हाय अँगल (कॅमेरा वरून) म्हणजे दुबळेपणा, निळा रंग म्हणजे दुःख. मुलं ती यादी वहीत उतरवून घेतात. पुढच्या तासाला कुठलीही क्लिप दाखवा, उत्तर त्या यादीतूनच येतं. ‘इथे क्लोजअप आहे, त्यामुळे भावना कळते.’ कुठली भावना, कुणाची, आणि आधीच्या शॉटमध्ये ती का कळत नव्हती, हे कुणी सांगत नाही. क्लिप नीट बघायची गरजच उरलेली नसते.

यादी अगदीच खोटी असती तर बरं झालं असतं, लगेच फेकून देता आली असती. पण ती अर्धवट खरी असते आणि म्हणून चिकटून बसते. खरी गोष्ट अशी की एकट्या शॉटला ठरलेला अर्थ नसतो. त्याच्या आधी काय होतं, नंतर काय आलं, त्या जागी दुसरं काय ठेवता आलं असतं आणि ते का ठेवलं नाही, यातून प्रेक्षकापर्यंत अर्थ पोचतो. म्हणून मुलांच्या हातात एकच प्रश्न द्यायचा: याऐवजी इथे काय करता आलं असतं, आणि मग मला काय वेगळं वाटलं असतं? पुढच्या सगळ्या पायऱ्या हा एक प्रश्न अंगवळणी पडावा म्हणून आहेत.

क्लिप निवडताना

दोन ते तीन मिनिटांची क्लिप पुरे. अख्खा चित्रपट दाखवून मग ‘चर्चा’ घेण्यात वेळ जातो आणि चर्चा कथानकावरच अडकते. मुलं पात्रांची बाजू घेऊन भांडतात. ते भांडण छान असतं, पण आपला विषय तो नसतो.

पहिल्या क्लिपमध्ये संवाद कमी असावेत. माणसं बोलत असली की प्रेक्षक शब्दांच्या मागे जातो आणि बाकीचं सगळं नकळत अंगावर घेतो. आपल्याला नेमकं ते नकळत घेतलेलंच वर काढायचं आहे. मारामारीची किंवा नाचाची दृश्यं सुरुवातीला टाळा; तिथे कट, म्हणजे एका चित्रावरून दुसऱ्यावर होणाऱ्या उड्या, इतके भराभर येतात की मोजतामोजता तास संपतो. चित्रपटाची सुरुवातीची दृश्यं फार सोयीची, कारण ‘याआधी असं असं झालंय’ हे सांगत बसावं लागत नाही. प्रेक्षकाला काहीच माहीत नसताना दिग्दर्शक त्याला काय काय आणि कुठल्या क्रमाने सांगतो, हे तिथे उघड दिसतं.

अनोळखी भाषेतली क्लिपही चालते, उलट बरीच. फक्त सबटायटल असतील तर ती बंद करून बघा. मुलांचे डोळे पडद्याच्या खालच्या पट्टीला खिळून राहतात आणि वरची फ्रेम सुटते.

तुमचा स्वतःचा सगळ्यात लाडका प्रसंग पहिल्या तासाला नको. लाडक्या प्रसंगावर शिक्षक बोलत सुटतो. आणि क्लिप आधी स्वतः पूर्ण बघा, तीही वर्गात ज्या प्रतीवरून दाखवणार त्याच प्रतीवरून. वयोगटाचं प्रमाणपत्र तपासा, आणि वर्गात चित्रपटाचा अंश दाखवण्याबद्दल तुमच्या संस्थेचा जो नियम असेल तो विचारून घ्या.

खोली आणि पडदा

हे किरकोळ वाटेल, पण निम्मे तास इथेच वाया जातात. खोली मिट्ट काळोखी केली तर मुलांना लिहिता येत नाही. पडदा स्वच्छ दिसेल आणि वहीही दिसेल इतपतच अंधार करा. चित्र पडद्यावर ताणून बसवू नका. मूळ चौकट रुंद असेल तर वर-खाली काळ्या पट्ट्या राहू द्या; पडदा भरावा म्हणून टीव्ही कडा कापतो आणि कोपऱ्यात मुद्दाम उभं केलेलं पात्र गायब होतं. बऱ्याच टीव्हींमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग असते, ती बंद करा. चित्रपट सहसा सेकंदाला २४ फ्रेम या गतीने घेतलेला असतो. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने भरतो तेव्हा सगळं मालिकेसारखं दिसायला लागतं. आवाजासाठी लॅपटॉपच्या स्पीकरवर विसंबू नका. खर्जातली घरघर, लांबचा गडगडाट त्यातून ऐकूच येत नाही, आणि मग मुलं प्रामाणिकपणे सांगतात की इथे काही आवाज नाही.

पहिल्यांदा फक्त बघायचं

पहिल्यांदा क्लिप दाखवताना वही बंद. काही शोधायला सांगू नका, मध्ये थांबवू नका. संपल्यावर दोन मिनिटं शांतपणे प्रत्येकाने एवढंच लिहायचं: मला काय वाटलं, आणि ते नेमकं कुठल्या क्षणी वाटलं.

यातला दुसरा भाग महत्त्वाचा. ‘भीती वाटली’ यावर काही बांधता येत नाही. ‘ती जिन्याकडे वळली तेव्हा भीती वाटली’ यावर अख्खा तास उभा राहतो, कारण आता आपण त्या क्षणाकडे परत जाऊ शकतो आणि पडद्यावर तिथे काय बदललं ते बघू शकतो. प्रकाश बदलला का? कॅमेरा तिच्याबरोबर वळला की जागीच राहिला? एखादा आवाज थांबला का? मुलांना सुरुवातीला क्षण सांगता येत नाही, ती ‘सगळंच भीतीदायक होतं’ म्हणतात. तिथे सोडू नका. ‘सुरुवातीच्या दारापाशीही वाटत होती का?’ असं विचारत मागे मागे न्या.

दुसऱ्यांदा आवाज बंद करून दाखवा. तिसऱ्यांदा पडदा झाकून फक्त आवाज ऐकवा. या दोन फेऱ्यांनंतर वर्ग आपणहून बोलायला लागतो. आवाज काढल्यावर एखादा गंभीर प्रसंग चक्क विनोदी दिसतो. नुसता आवाज ऐकताना पावलांच्या वेगावरून कुणीतरी घाईत असल्याचं कळतं, जे चित्रात दिसलंच नव्हतं. वर्गात कुणाला कमी दिसत किंवा कमी ऐकू येत असेल तर त्याच्यासाठी यातली एक फेरी नेहमीची आणि दुसरी वेगळ्या तयारीची असेल, ते आधी बघून ठेवा.

शॉटची यादी करणं

आता वही उघडायची. पाच रकाने आखा: शॉटचा क्रमांक, किती सेकंद, काय दिसतं, कुठून दिसतं, काय ऐकू येतं. ‘अर्थ’ असा रकाना मुद्दाम ठेवायचा नाही. तो ठेवला की मुलं आधी तो भरतात आणि मग त्याला साजेसं दिसायला लागतं.

दोन कटांच्या मधलं सलग चित्र म्हणजे शॉट, एवढी व्याख्या पुरते. ‘कुठून दिसतं’ यात जवळून की लांबून, वरून की खालून, कुणाच्या खांद्यामागून की कुणाच्याच नजरेतून नाही, इतकं साध्या भाषेत लिहू दे. लाँग शॉट, मिड शॉट, क्लोजअप, पॅन, टिल्ट, ट्रॉली ही नावं तुम्ही बोलताना सहज वापरत राहा, मुलं आठवड्याभरात उचलतात. त्यांचा वेगळा पाठ घेऊ नका. पॅन म्हणजे कॅमेरा जागेवरून आडवा फिरतो, टिल्ट म्हणजे वर-खाली, ट्रॉलीत कॅमेरा स्वतःच जागा सोडतो, आणि झूममध्ये जागा न सोडता फक्त भिंग चित्र जवळ आणतं. एवढं एकदा हाताने करून दाखवलं की झालं.

क्लिप पॉज करून चौकट दाखवायला हरकत नाही. कोण कुठे उभं आहे, किती जागा रिकामी ठेवली आहे हे थांबलेल्या चित्रात छान दिसतं. मात्र थांबलेल्या चित्रात काळ मरतो. एखादा शॉट अस्वस्थ करतो तो बहुधा अपेक्षेपेक्षा तीन-चार सेकंद जास्त रेंगाळतो म्हणून, आणि हे पॉज केल्यावर कधीच कळणार नाही. सेकंदांचा रकाना त्यासाठी आहे.

एक दृश्य, सहा शॉट

पुढचा सराव क्लिपशिवायही होतो. मी खाली एक छोटं दृश्य लिहून देतो. प्रत्येक शॉट वेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि चारचार मुलांच्या गटाला एक संच द्या.

एक: अंधारी खोली. आतून दिसणारं बंद दार. किल्ली फिरल्याचा आवाज.
दोन: जमिनीलगत कॅमेरा. अनवाणी पावलं हळूच आत येतात. चपला हातात लोंबताहेत.
तीन: दिवा लागतो. खोलीच्या पार टोकाला खुर्चीत वडील बसलेत, चित्रात लहानसे.
चार: मुलीचा चेहरा, जवळून.
पाच: वडील, कमरेपासून वर. मागे घड्याळाची टिकटिक.
सहा: दोघंही एका चौकटीत, दोन कडांना. मध्ये टेबल. टेबलावर झाकून ठेवलेलं ताट.

संवाद एकही नाही. आधी गटांना विचारा, काय घडतंय? मुलगी उशिरा, चोरपावलांनी घरी आली आणि पकडली गेली, हे सगळेच सांगतात. आता मोडतोड सुरू करा.

तिसरी चिठ्ठी सगळ्यात आधी ठेवायला सांगा, फक्त दिवा न लावता: अंधारात खुर्चीत बसलेले वडील, मग किल्लीचा आवाज. घटना तीच, मिनिटही तेच. मूळ क्रमात आपण मुलीबरोबर आत येतो, तिच्याइतकंच आपल्याला माहीत असतं आणि दिवा लागल्यावर आपणही दचकतो. नव्या क्रमात आपण आधीपासून वडिलांबरोबर बसून असतो. त्यामुळे अनवाणी पावलं दिसतात तेव्हा दचकायला काही उरलेलं नसतं. तिला अजून माहीत नाही याची धाकधूक तेवढी असते. प्रेक्षकाला कुणाच्या बाजूला बसवायचं, हे इथे एकही शब्द न बोलता केवळ क्रमाने ठरलं. मुलांना हे सांगू नका. ‘आता तुम्ही कुणाबरोबर आहात?’ एवढंच विचारा.

मग क्रम पूर्ववत करून सहाव्या शॉटमधलं ताट काढून टाका. टेबल रिकामं. वडील आता नुसते रागावलेले वाटतात. ताट परत ठेवा. तेच वडील, तीच खुर्ची, पण आता ते तिच्यासाठी जेवण झाकून जागे राहिलेत. एका वस्तूने रागात काळजी मिसळली. नट काही वेगळं करत नाहीये.

तिसरी मोडतोड चौथ्या शॉटची. मुलीचा चेहरा जवळून दाखवण्याऐवजी तिच्या हातातल्या चपला जवळून दाखवल्या तर? त्या हळूच खाली ठेवल्या जातात की हातातून सुटतात? चेहरा दाखवला तर तिला काय वाटतंय ते दिसतं. चपला दाखवल्या तर ते आपल्याला ओळखावं लागतं. दोन्ही चालतं. कुठल्या दृश्यात कुठलं जास्त चालेल यावर गटांना वाद घालू द्या, आणि तुम्ही निकाल देऊ नका.

शेवटी आवाज. टिकटिक पाचव्या शॉटला सुरू होण्याऐवजी पहिल्यापासूनच चालू असेल तर? की दिवा लागल्याबरोबर थांबेल? घड्याळ खरंच असं थांबत नाही, असं एखादं चौकस पोर म्हणेलच. त्याला विचारा, मग तुला चित्रपटात ते खोटं वाटलं असतं का? या प्रश्नावर मला वर्गात कधीही एकमत सापडलेलं नाही, आणि ते न सापडणं फार उपयोगाचं आहे.

ठोकळा उत्तरं परत येतात तेव्हा

येतातच. ‘लो अँगल आहे म्हणजे तो शक्तिमान आहे’ हे वाक्य चौथ्या-पाचव्या तासाला हमखास परत येतं. तेव्हा दाखवायला एक चांगलं उदाहरण हाताशी ठेवा: १९४१ चा ‘सिटिझन केन’. नायक निवडणूक हरतो, आणि रात्री रिकाम्या प्रचार कार्यालयात त्याचा जुना मित्र त्याला तोंडावर खडसावतो. हा प्रसंग कमालीच्या खालच्या कोनातून घेतलाय. कॅमेरा इतका खाली हवा होता की सेटची जमीन फोडून खड्डा करावा लागला. पडद्यावर नायक प्रचंड मोठा दिसतो, डोक्यावर छत दिसतं, आणि तो आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या पराभवात उभा आहे.

यादीप्रमाणे हा शॉट चुकीचा ठरतो. वर्गाला विचारा, मग हा इतका मोठा का दाखवलाय? हरल्यावरही त्याचा अहंकार तसाच आहे म्हणून? तो मोठा दिसतो पण वर जायला जागा नाही, छत आहे म्हणून? हाच प्रसंग वरून, लहानसा दाखवला असता तर आपल्याला त्याची कीव आली असती. ती येऊ द्यायची नव्हती का? तिन्ही उत्तरं पडद्याकडे बोट दाखवून देता येतात. असं एक उदाहरण नीट रेंगाळून केलं की पुढे कोन, रंग, संथ गती कशाबद्दलही ठोकळा उत्तर आलं तर ‘पण केनचं काय?’ एवढं म्हटलं तरी पुरतं. संथ गतीत धावणारा माणूस कधी वीर दिसतो, कधी हास्यास्पद, हे मुलांना स्वतःलाच माहीत असतं. त्यांना फक्त आठवण करून द्यावी लागते.

कट शिकवताना

१९२० च्या सुमारास लेव्ह कुलेशोव्ह या सोव्हिएत दिग्दर्शकाने केलेला प्रयोग चित्रपटाच्या वर्गात नेहमी सांगितला जातो. नटाचा एकच निर्विकार चेहरा, आणि त्याला जोडून कधी सूपची वाटी, कधी शवपेटी, कधी स्त्री. चेहरा तोच असूनही प्रेक्षकांना त्यावर भूक, शोक, ओढ अशा वेगवेगळ्या भावना दिसल्या. ही हकीकत सांगण्याऐवजी करून बघा. सांगितली की मुलं माना डोलावतात, केली की चकित होतात.

कुठल्याही भावनेविना समोर बघणाऱ्या माणसाचा एक फोटो घ्या. वर्गाचे तीन भाग करा आणि दोन भागांना बाहेर उभं करा. पहिल्या गटाला चेहरा, मग जेवणाचं ताट, मग पुन्हा चेहरा दाखवा, प्रत्येकी तीन सेकंद. दुसऱ्या गटाला मध्ये रिकामा पलंग. तिसऱ्याला खेळणारं मूल. प्रत्येकाने एक ओळ लिहायची: हा माणूस कसला विचार करतोय? सगळे आत आल्यावर ओळी मोठ्याने वाचा आणि मगच तिन्ही संच एकामागून एक दाखवा. कधीकधी एखादा गट काहीच्या काही लिहितो, पलंग बघून ‘त्याला झोप येतेय’ वगैरे. हरकत नाही. चेहरा बदललेला नाही आणि तरी कथा बदलली, एवढंच हवं होतं.

यानंतर विचारायचा प्रश्न: दोन चित्रांच्या मधली जागा कुणी भरली? दिग्दर्शकाने दोन तुकडे शेजारी ठेवले, जोड प्रेक्षकाने लावला. जाहिरातीत आणि बातम्यांतही हेच चालतं. एखाद्या वक्त्याच्या वाक्यानंतर जांभई देणारा श्रोता दाखवला की वाक्य कंटाळवाणं ठरतं, मग ती जांभई तासाभराने दिलेली का असेना. या मुद्द्यावर थोडा जास्त वेळ घालवायला हरकत नाही. अभ्यासक्रमाबाहेर मुलांच्या सगळ्यात जास्त कामी येणारी गोष्ट हीच आहे.

आवाजाकडे वेगळं लक्ष

नवे शिक्षक आवाज शेवटच्या दहा मिनिटांसाठी ठेवतात, आणि तेही फक्त पार्श्वसंगीत. आवाज तीन थरांत ऐकायला शिकवा: माणसांचं बोलणं, पात्रांना ऐकू येणारे बाकीचे आवाज, आणि फक्त प्रेक्षकाला ऐकू येणारं संगीत. दुसऱ्या थराबद्दल एक गोष्ट मुलांना फार आवडते. पावलं, कपड्यांची सळसळ, दाराची करकर हे बऱ्याचदा चित्रीकरणाच्या वेळचे आवाज नसतात. स्टुडिओत चित्र बघत बघत, भलत्याच वस्तू वापरून ते नंतर तयार करतात. या कामाला जॅक फोली या हॉलिवूडच्या ध्वनिकाराच्या नावावरून फोली म्हणतात. म्हणजे पाऊल किती जड वाजायचं हेसुद्धा कुणीतरी ठरवलेलं असतं. ‘याऐवजी काय’ हा प्रश्न इथेही लागू.

थर एकमेकांच्या जागी कसे येतात हे दाखवायला सत्यजित राय यांच्या १९५५ च्या ‘पथेर पांचाली’तला एक क्षण पुरेसा आहे. बरेच दिवस बाहेर असलेले वडील घरी येतात. मुलगी दुर्गा गेल्याचं त्यांना माहीत नाही. आणलेल्या वस्तू ते एकेक करून बायकोला दाखवत राहतात, दुर्गासाठी आणलेली साडी पुढे करतात, आणि इतका वेळ गप्प असलेली ती आई कोसळते. तिचं तोंड आक्रोशात उघडलेलं दिसतं. ऐकू येते ती तारशहनाई, गजाने वाजवायचं एक तंतुवाद्य. रडण्याचा आवाज काढून तिथे वाद्याचा टिपेचा सूर ठेवलाय.

आधी आवाज बंद करून हा क्षण दाखवा आणि विचारा, इथे काय ऐकू यायला हवं? सगळे रडणं सांगतील. मग आवाजासकट दाखवा. खरं रडणं ऐकू आलं असतं तर आपण एका बाईचं दुःख लांबून बघत राहिलो असतो, असं काही मुलं म्हणतात. रडण्याची सवय झालेली असते, या सुराची नसते, असं दुसरी म्हणतात. एखाद्याला ते कृत्रिमही वाटतं, आणि त्याने का वाटतं ते सांगितलं तर त्याचंही ऐकून घ्यायचं. नुकताच कुणाच्या घरी मृत्यू झाला असेल तर मात्र हा प्रसंग त्या वर्गात नको.

शांतता हाही आवाजाचाच पर्याय आहे. हिचकॉकच्या १९६० च्या ‘सायको’तल्या न्हाणीघराच्या प्रसंगाला संगीत नको, असं त्याचं आधी म्हणणं होतं. संगीतकार बर्नार्ड हर्मनने तरीही तंतुवाद्यांचे ते किंचाळणारे सूर रचले, आणि ते ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. लहान वर्गांत हा प्रसंग दाखवण्याजोगा नाही. पण ही हकीकत सांगता येते, कारण खुद्द दिग्दर्शकापुढेही दोन पर्याय होते हे त्यातून मुलांना कळतं.

मुलांच्या हातात कॅमेरा

फोन पुरतो. नियम कडक ठेवा: तीन शॉट, संवाद नाही, झूम नाही, संगीत नाही, फोन आडवा आणि कशाला तरी टेकवून स्थिर. प्रत्येक शॉट दहा सेकंद तरी चालू ठेवायचा; मुलं नेहमी लवकर बंद करतात आणि मग कापायला काही उरत नाही. विषय एकच, कुणीतरी वाट बघतंय. एका गटाने आवडत्या माणसाची वाट दाखवायची, दुसऱ्याने नकोशा माणसाची.

आणि आता खरी अट: वाट बघणाऱ्या मुलाला कुठला गट कुठला ते सांगायचं नाही. त्याने खुर्चीत बसायचं, मनात वीसपर्यंत मोजायचं, एकदा दाराकडे बघायचं. बस्स. हावभाव केले की शॉट रद्द. ही अट नसेल तर मुलं अभिनयावर सगळा भार टाकतात आणि कॅमेरा नुसता नोंद घेत बसतो. अट घातली की ती विचार करायला लागतात: खुर्ची दारापासून किती लांब? दाराची कडी मोठी दाखवू या का? मुलगा चौकटीच्या कोपऱ्यात बसवला तर? बाहेरच्या पावलांचा आवाज आधी येऊ दे की दार आधी हलू दे?

याच कामात एक तांत्रिक चूक आपोआप होते आणि ती होऊ द्या. समोरासमोर बसलेल्या दोघांना घेताना कुणीतरी कॅमेरा त्यांच्या पलीकडच्या बाजूला नेतो, आणि जोडल्यावर दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात. दोघांना जोडणारी एक कल्पित रेषा असते आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, हा १८० अंशांचा नियम त्या वेळी सांगितला तर एका वाक्यात समजतो. आधी फळ्यावर आकृती काढून सांगितला तर अर्धा वर्ग झोपतो.

चित्रीकरणात दिसणाऱ्या प्रत्येक मुलाची आणि गरज असेल तिथे पालकांची परवानगी घ्या, आणि फिती वर्गाबाहेर कुठेही टाकायच्या नाहीत हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

लिहून घेताना

तोंडी छान बोलणारी मुलं कागदावर पुन्हा ठोकळा होतात. नमुना म्हणून दोन उत्तरं शेजारी ठेवा.

‘दिग्दर्शकाने क्लोजअपचा वापर प्रभावीपणे केला आहे, त्यामुळे प्रेक्षकांपर्यंत भावना पोहोचतात.’

‘पत्र वाचताना तिचा चेहरा दाखवलेला नाही, फक्त कागदाची घडी घालणारी बोटं दिसतात. चेहरा दिसला असता तर बातमी चांगली की वाईट ते लगेच कळलं असतं. घडी फार हळू आणि नीट घातली जाते, म्हणून मला वाटलं की बातमी वाईट आहे आणि ती वेळ काढतेय.’

दुसऱ्या उत्तरात एकही पारिभाषिक शब्द नाही, आणि तरी गुण त्यालाच जास्त द्या. काय दिसलं, त्याजागी काय असू शकलं असतं, त्यामुळे मला काय समजलं किंवा वाटलं, हे तिन्ही त्यात आहे. ‘प्रभावीपणे’ हा शब्द मी वर्गात सरळ बंद करतो. तो लिहिला की विचार तिथेच थांबतो.

कुणीतरी विचारतंच, ‘पण दिग्दर्शकाच्या मनात खरंच हे होतं का?’ प्रश्न रास्त आहे, झटकू नका. काही वेळा दिग्दर्शकाने, संकलकाने सांगून ठेवलेलं असतं, काही वेळा ढग आले म्हणून प्रकाश तसा पडलेला असतो. पण तो शॉट चित्रपटात ठेवला गेला, आणि प्रेक्षक म्हणून आपण तो बघतोय. आपल्या वाचनाला पडद्यावरचा पुरावा हवा, मनातला नको. त्यामुळे दोन मुलांनी एकाच शॉटचे उलट अर्थ लावले आणि दोघांनी पडद्याकडे बोट दाखवलं, तर दोघांनाही पूर्ण गुण. पुराव्याशिवायचं बरोबर उत्तर मात्र अर्ध्यावरच थांबवा, पहिल्यांदा थोडी कुरकुर होईल तरीही.

परीक्षा घ्यायचीच असेल तर न पाहिलेली एका मिनिटाची क्लिप घ्या आणि ती तीनदा दाखवा: पहिल्यांदा नुसती, दुसऱ्यांदा नोंदी काढायला, आणि तिसऱ्यांदा साधारण अर्धं लिहून झाल्यावर. तिसऱ्या वेळी बरीच मुलं आधी लिहिलेलं खोडतात, म्हणून उत्तरपत्रिकेत जागा मोकळी सोडा.